अमेरिकी सैन्य, लैंगिक अत्याचार आणि कमांडरचे अधिकार: सरकारने केलं ते पुरेसं आहे का?

मीरा_दे (धागाकर्ती)

अमेरिकी सैन्यात बलात्काराच्या तक्रारीवर खटला भरायचा की नाही, हे डिसेंबर २०२३ पर्यंत आरोपीच्याच साखळीतला वरिष्ठ कमांडर ठरवत असे. आता तो निर्णय स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे गेला आहे. चांगलं झालं, पण किती उशिरा! १९९१ मध्ये लास वेगासला नौदल वैमानिकांच्या 'टेलहूक' अधिवेशनात हॉटेलच्या बोळातून जाणाऱ्या बायकांना दोन्ही बाजूंच्या रांगांतून ओरबाडलं गेलं. तपासात ८३ स्त्रियांची नोंद झाली आणि कोर्ट मार्शलमध्ये एकही जण दोषी ठरला नाही. सिनेटर गिलिब्रँड यांनी कमांडरचा हा अधिकार काढायचं विधेयक आणलं. २०१४ मध्ये त्याला ५५ मतं पडली, हवी होती ६०. मग २०२० मध्ये फोर्ट हूडच्या तळावर व्हनेसा गियेन या तरुण सैनिकेचा खून झाला, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे चक्रं हलली. माझं मत: अधिकार काढले ते योग्यच, पण खरी गळती तक्रारीच्या आधी आहे आणि तिकडे सरकार अजून पाहत नाही.

घाटवाट

असहमत. ज्याच्या शब्दावर माणसं गोळीसमोर उभी राहतात, त्याच्याच हातून शिस्तीचं हत्यार काढून घ्यायचं? उद्या तुकडीत काही घडलं की कमांडर म्हणेल, 'माझा विषय नाही, वकिलांना विचारा.' सिनेटर मॅकास्किल स्वतः आधी सरकारी वकील होत्या, त्यांचंही म्हणणं हेच होतं: अधिकार राहू द्या, जबाबदारी घट्ट आवळा. आणि गियेनचं उदाहरण इथे चपखल बसत नाही. तिचा छळ करणारा वरिष्ठ आणि तिचा खुनी ही दोन वेगळी माणसं होती, असं लष्कराच्याच चौकशीत निघालं.

मीरा_दे

तीच चौकशी पुढे काय म्हणते तेही सांगा की. तिच्या छळाची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर गेली होती आणि त्यांनी काहीही केलं नाही. म्हणजे अधिकार हातात असताना तुमचा कमांडर तेव्हाही 'माझा विषय नाही' असंच वागला! आणि इटलीतल्या आव्हियानो या अमेरिकी हवाई तळाचं प्रकरण? तिथे एका हवाईदल अधिकाऱ्याला लैंगिक अत्याचारासाठी लष्करी ज्युरीने दोषी धरलं, आणि २०१३ मध्ये एका जनरलने सहीनिशी तो निकालच रद्द केला. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं.

तिरकस

म्हणजे आरोपी आपला, पंच आपला, निकाल आवडला नाही तर तोही आपलाच. चालू द्या.

घाटवाट

आव्हियानोनंतर तो अधिकार काढला गेला, आणि त्याला माझाही विरोध नाही. निकाल फिरवणं वेगळं, खटला भरायचा निर्णय वेगळा. दोन्हींची भेसळ करू नका.

आकडेमोड

थोडे आकडे. पेंटागॉनच्या स्वतःच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये ८.४ टक्के सैनिक स्त्रियांनी वर्षभरात नको असलेला लैंगिक संपर्क घडल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये ते ६.८ टक्क्यांवर आलं. ही घट नव्या अभियोक्त्यांमुळे म्हणता येत नाही, ते कामाला लागले २०२३ च्या अगदी शेवटी. आणि २०२३ च्या अंदाजानुसार चारातल्या तिघांची तक्रार यंत्रणेपर्यंत पोचतच नाही. (पुरुष पीडितही हजारोंत आहेत, त्यांच्याबद्दल अशा चर्चांत कुणी बोलत नाही.)

मीरा_दे

हेच म्हणत होते. समजा, एकोणीस वर्षांची सैनिक मुलगी बराकीत बिअर प्यायली, तिथे तिच्यावर अत्याचार झाला. अमेरिकेत पिण्याचं वय २१. तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. अशा किरकोळ चुकांसाठी पीडितेला शिक्षा नको, हे धोरण यायला २०२१ उजाडलं! २००५ पासून गोपनीय नोंदीची सोय आहे: उपचार मिळतात, वरिष्ठांना नाव कळत नाही, पण चौकशीही होत नाही. आरोपी दुसऱ्या दिवशी त्याच मेसमध्ये समोरच्या बाकावर. वर सर्वोच्च न्यायालयाच्या १९५० च्या 'फेरेस' निकालामुळे सेवेत झालेल्या इजेबद्दल सरकारवर नुकसानभरपाईचा दावाही सहसा लावता येत नाही.

सनदी

मग अर्धवट कशाला? हे खटले लष्कराबाहेर, नागरी न्यायालयातच चालवा. कॅनडात माजी न्यायमूर्ती लुईज आर्बर यांनी २०२२ च्या अहवालात हेच सुचवलं. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये संसदीय समितीनेही तेच म्हटलं, पण तिथल्या सरकारने बाकी बरंच मान्य करून नेमकी हीच शिफारस नाकारली.

घाटवाट

युद्धनौका भर समुद्रात असताना कुठल्या गावचे पोलीस येणार पंचनामा करायला? कॅनडातही काही ठिकाणी नागरी पोलिसांनी हात आखडता घेतलाच. त्यापेक्षा लष्करातलेच स्वतंत्र अभियोक्ते परवडले.

तिरकस

@घाटवाट, म्हणजे नवा कायदा तुम्हाला मान्य? पहिल्या प्रतिसादात तर हत्यार काढून घेतलं म्हणून गळा काढत होतात.

घाटवाट

दोन वाईटांतलं कमी वाईट, एवढंच.

मीरा_दे

त्यांना धरून ठेवू नका, मुद्दा पुढे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये क्वांटिकोच्या लष्करी तळावर युद्धमंत्री हेगसेथ यांनी निनावी तक्रारी बंद करण्याची घोषणा केली. खोट्या तक्रारींनी अधिकाऱ्यांचं करिअर बरबाद होतं म्हणे. अभियोक्त्यांची कार्यालयं कायद्याने उभी आहेत, ती मोडायला संसद लागेल. तक्रारीच्या काही वाटा मात्र खात्याच्या आदेशावर चालतात, त्या एका सहीने अरुंद होतात. कोर्ट कितीही स्वतंत्र केलंत, तरी तिथवर जाणारा रस्ता अजून बऱ्याचदा युनिटच्या ऑफिसातूनच जातो.

आकडेमोड

खोट्या तक्रारींचा आकडा कुणाकडे असेल तर द्या, नुसतं 'म्हणे' नको. दोन्ही बाजूंना सांगतोय.