मदत हवी आहे: फायबर गेलं की घरचं नेट आपोआप सिमवर जायला हवं, पण जात नाही

नमस्कार मंडळी,

मी दापोलीजवळच्या एका गावात राहते. दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, रोज संध्याकाळी ७ ते ९. घरात मी आणि सासूबाई. त्यांना यातलं काही कळत नाही, त्यामुळे 'तिकडची वायर काढून इकडे लावा' असा उपाय माझ्या कामाचा नाही. जे व्हायचं ते आपोआप व्हायला हवं.

गेल्या गुरुवारी एक मुलगी पूर्ण वर्ग पद्धतीने वर्गसमीकरण सोडवून दाखवत होती. एक्सच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा असतो, तिने एकाच बाजूला मिळवला. मी "थांब गं" म्हणाले आणि त्याच क्षणी नेट गेलं. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नाही. फोन घेऊन पडवीत पळाले, हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप तिकडे नेला, परत मीटिंगमध्ये शिरले. सात मिनिटं गेली. तोवर तिने उत्तर काढून संपवलं होतं आणि बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. वर्ग बुडाला असता तरी चाललं असतं, पण पोरं चुकीचं लिहून घेऊन बसली हे मनाला फार लागलं. त्याच रात्री ठरवलं की आता याचा बंदोबस्त करायचाच.

आमच्याकडे फायबर खांबांवरून आणि झाडांमधून येते. पावसाळ्यात फांदी पडली की तुटते. आठवड्यातून दोन-तीनदा तरी जाते, कधी दहा मिनिटं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लाइट, टॉवर, रस्ते सगळंच गेलं होतं. तसल्या प्रसंगासाठी मी काही मागत नाहीये. रोजची रड थांबली तरी पुरे.

आत्ताची मांडणी अशी: फायबर कंपनीच्या ओएनटीत येते (तो पांढरा डबा, फायबरचा सिग्नल लॅन केबलमध्ये देणारा). तिथून लॅन केबल माझ्या नव्या ड्युअल वॅन राउटरच्या (बाहेरून दोन नेट जोडता येतात असा) पहिल्या वॅनमध्ये, म्हणजे नेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये. दुसऱ्या वॅनमध्ये सिमवाला ४जी राउटर, त्यात वेगळ्या कंपनीचं सिम, रोज २ जीबीचा प्लॅन. राउटरमध्ये 'फेलओव्हर' (एक नेट गेलं की दुसऱ्यावर जाणं) निवडलंय, पहिली वॅन मुख्य, दुसरी राखीव.

बसवलं त्या दिवशी ओएनटीकडून येणारी केबल उपटून बघितली. चार-पाच सेकंदांत सिमवर गेलं. इतका आनंद झाला की सासूबाईंनाही बोलावून दाखवलं! पण परवा खरोखर फायबर तुटली, ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला, आणि राउटर ढिम्म. पहिल्या वॅनचा दिवा हिरवाच. सिमच्या राउटरला फोन थेट जोडला तर नेट चालू होतं. म्हणजे राखीव नेट शेजारीच उभं होतं आणि राउटर त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

राउटर खराब आहे का? परत करायला चार दिवस उरलेत. की माझंच काही चुकतंय? शिवाय सिमवर गेल्यावर टीव्ही आणि गोठ्याकडचा कॅमेरा सगळा डेटा खाऊन टाकतील अशी भीती आहे. २ जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात वर्ग कसा घ्यायचा?

प्रतिसाद १

ताई, राउटर परत करू नका. केबल उपटली तेव्हा पोर्टच बंद पडला, ते राउटरला कळलं. फायबर तुटली तेव्हा तुमचा ओएनटी चालूच होता, केबल जिवंत होती, ओएनटी राउटरला नेटवर्कचा (आयपी) पत्ताही देत होता. राउटरच्या लेखी सगळं ठीक. त्याला घराबाहेरच्या पत्त्यावर पिंग करून (हाक मारून उत्तर येतं का ते) बघायला सांगावं लागतं. सेटिंगमध्ये ऑनलाइन डिटेक्शन किंवा तशा नावाचं काहीतरी असेल. तिथे ऑटो असेल तर मॅन्युअल करा आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) व ८.८.८.८ (गूगलचा) असे दोन पत्ते द्या. दोन्हीकडून उत्तर आलं नाही तरच लाइन गेली असं धरायचं. ओएनटीचा पत्ता तिथे चुकूनही देऊ नका, तो भिंतीवर बसून कायम 'आहे' म्हणणार.

डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हातानेच भरा. फायबर कंपनीचा डीएनएस तिच्याच नेटवर्कमधून उत्तर देणारा असला, तर सिमवर गेल्यावर एकही साइट उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल सिमच बंद आहे.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण मला अजून एक शंका आहे. ओएनटीचा आणि ४जी राउटरचा पत्ता काय आहे? दोघांच्या मागचं स्टिकर वाचून सांगा.

धागाकर्ती

दोन्हीवर १९२.१६८.१.१ आहे. माझ्या नव्या राउटरचा १९२.१६८.०.१.

प्रतिसाद २

मग हेही कारण आहे. एकाच वाडीत एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? केबल उपटली तेव्हा एक घर गायब झालं म्हणून काम झालं. फायबर तुटते तेव्हा दोन्ही घरं जागेवर असतात. ओएनटी कंपनीचा आहे, त्याला हात लावू नका. ४जी राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.८.१ करा आणि दोन्ही डबे बंद करून चालू करा.

आणि चाचणी घेताना लॅन केबल नका काढू. ओएनटीच्या खालची पिवळी फायबर काढा, लाल दिवा लागला म्हणजे खरा प्रसंग उभा राहिला. तिच्या टोकाला बोट लावू नका, टोकात डोळा घालून बघू नका (त्यातला लेझर दिसत नाही), आणि लगेच टोपण लावा. धूळ बसली तर नवीनच दुखणं सुरू होईल.

प्रतिसाद ३

माझं घर गुहागरकडे, जांभ्याच्या भिंती. जांभ्यातून सिग्नल नीट आत येत नाही. ४जी राउटरच्या पानावर आरएसआरपी नावाचा आकडा दिसतो, तो सिग्नलची ताकद सांगतो आणि उणे असतो. -९० च्या आसपास उत्तम, -११० च्याही खाली (-११५, -१२० असा) गेला की व्हिडिओ कॉलचे हाल. ४जी राउटर आत ठेवून लांब वायरचा अँटेना लावण्यापेक्षा तो राउटरच माळ्याच्या खिडकीत न्या आणि तिथून लॅन केबल खाली आणा. अँटेनाच्या वायरीत सिग्नल झिजतो, लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

लाइटचं काय? इन्व्हर्टर घराला उचलतो पण तेवढ्या क्षणात राउटर रीस्टार्ट होतात, असं आमच्याकडे होत होतं. इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या, पण ॲडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवून. तीनही डबे त्यावर हवेत, एक जरी राहिला तरी साखळी तुटली.

डेटासाठी: राखीव वॅनवरून फक्त लॅपटॉप जाईल असा नियम राउटरमध्ये लावता येतो. लॅपटॉपला कायमचा पत्ता द्या, बाकी सगळ्यांना दुसरी वॅन बंद. आणि वर्गात तुमचा व्हिडिओ बंद ठेवून फक्त फळा आणि आवाज पाठवलात तर २ जीबीत दोन तास सहज निघतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही वेळ काढून इतकं बारकाईने लिहिलंत.

काल दुपारी बसून सगळं केलं. ४जी राउटरचा पत्ता बदलला. डिटेक्शन खरंच ऑटोवर होतं, तिथे दोन पत्ते भरले, दर ५ सेकंदांनी पिंग, तीनदा चुकलं तर लाइन गेली असं. डीएनएस भरला. ४जी राउटर माळ्यावर नेला, खाली -११४ दाखवत होता तो खिडकीत -९७ वर आला. भाच्याला मीटिंगमध्ये बसवलं आणि पिवळी फायबर काढली. लाल दिवा लागला. माझं चित्र गोठलं, मी मोठ्याने आकडे मोजत होते, एकवीसला त्याचा आवाज परत आला. मीटिंगमधून बाहेर पडावं लागलं नाही!

एकच गोष्ट राहिली आहे. संध्याकाळी फायबर परत लावली तर राउटर लगेच तिकडे गेला आणि कॉल पुन्हा अडकला. आमच्याकडे लाइनमन जोडणी करताना नेट एक मिनिट येतं, परत जातं, असं चार-पाचदा होतं. दर वेळी वीस सेकंद गेले तर वर्गाचा विचकाच. परत जाताना घाई करू नको असं राउटरला सांगता येतं का?

प्रतिसाद १

येतं, राउटरमध्ये सोय असली तर. परत येण्यासाठी वेगळी अट आहे का बघा, फेलबॅक किंवा रिकव्हरी अशा नावाने. तिथे सलग १० मिनिटं पिंग नीट आले तरच मुख्य लाइनवर जा, असं ठेवा. जाताना चपळ, येताना सावकाश. तुमच्या राउटरमध्ये नसेल तर वर्गाच्या वेळात आपोआप परतणं बंद ठेवा आणि नऊनंतर हाताने बदला. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चालणारा जुना राउटर घरात असेल तर त्यात एमवॅन३ (दोन-तीन वॅन सांभाळणारं तिचं पॅकेज) टाकून किती चुकले की जायचं आणि किती बरोबर आले की परतायचं हे दोन्ही आकडे वेगवेगळे देता येतात.

धागाकर्ती

सापडलं! 'रिकव्हरी' नावानेच आहे, सेकंदांत भरायचं होतं, ६०० भरले. आज सातला वर्ग आहे. सुरुवातीलाच ते गुरुवारचं समीकरण फळ्यावर घेते आणि सगळ्यांच्या वह्या दुरुस्त करून घेते.