तज्ज्ञांच्या मतांचं काय करायचं : एकमत, गोळाबेरीज की एकत्रीकरण?

भाषांतरकार : अनेक निकष लावून गटानं निर्णय कसा घ्यावा, या विषयावरचं एक प्रकरण मराठीत करते आहे. तज्ज्ञांची मतं ठाम नसतात, ती जुळवून एक उत्तर काढायचं असतं. या 'ॲग्रिगेशन'साठी 'एकमत करणे' बरोबर होईल का? की 'मतांची गोळाबेरीज'? शिवाय 'फझी'ला, म्हणजे जिची सीमा नेमकी ठरलेली नसते अशा कल्पनेला, 'धूसर' म्हणावं असं मनात आहे.

संख्याशास्त्राचा शिक्षक : 'एकमत' नको. एकमत माणसांचं होतं, तेही बोलून किंवा मन वळवून. १९५०च्या दशकात रँड संस्थेत डेल्फी पद्धत निघाली. तिच्यात निनावी प्रश्नावल्यांच्या फेऱ्या घेतात, आधीच्या फेरीतली उत्तरं सगळ्यांना कळवतात आणि मतं बदलायची संधी देतात. तिथं 'मतैक्याकडे नेणं' शोभेल. तुमच्या प्रकरणात तिघांची तोंडं तीन दिशांना राहिली तरी चालतं, जोडायचे असतात ते त्यांनी दिलेले आकडे.

'सरासरी'ही लिहू नका. निकषांचं महत्त्व ठरवण्याच्या थॉमस साटी यांच्या पद्धतीत दोन-दोन निकषांची तुलना १ ते ९ या मापावर करतात. समजा, एक तज्ज्ञ म्हणाला की खर्च हा सुरक्षिततेच्या चौपट महत्त्वाचा. दुसरा म्हणाला, छे, पावपट. साधी सरासरी येते २.१२५. आता सुरक्षिततेच्या बाजूनं मोजा, पुन्हा २.१२५! म्हणजे दोन्ही निकष एकमेकांपेक्षा दुपटीहून वरचढ. म्हणून तिथं भूमितीमध्य घेतात (दहावीतलाच): ४ गुणिले पाव म्हणजे १, त्याचं वर्गमूळ १, दोघे समान. 'एकत्रीकरण' म्हटलं की हे सगळे प्रकार त्यात मावतात.

संपादक : 'गोळाबेरीज'ला माझी हरकत वेगळी आहे, ताई. मराठीत 'मत' म्हणजे अभिप्रायही आणि मतपेटीतलं मतही. 'मतांची गोळाबेरीज' म्हटलं की वाचक थेट निवडणुकीच्या बातमीत जातो. शिवाय त्या शब्दाला ढोबळपणाचा वास आहे. इथं मत ढोबळ असेल, जोडायचा नियम मात्र काटेकोर असतो. 'तज्ज्ञमतांचं एकत्रीकरण' लिहा.

'धूसर'ही जपून. चीनच्या डेंग जुलाँग यांनी १९८२ मध्ये मांडलेली 'ग्रे' प्रणाली (अपुऱ्या माहितीवर काम करणारी; 'ग्रे' म्हणजे करडा, धूसर) पुढच्या पानांत आली तर तिला काय म्हणणार? 'संदिग्ध'मध्ये दोन अर्थ निघण्याची छटा आहे. 'उंच माणूस' याचे दोन अर्थ नाहीत, फक्त उंची कुठून सुरू होते ते ठरलेलं नाही. 'फझी'च ठेवा. धुलाईयंत्रांच्या जाहिरातींनी तो शब्द कधीच घरात आणला आहे.

भाषांतरकार : आणि 'हेजिटेशन'? कोशातून 'संकोच' घेतला आहे.

संपादक : संकोच पाहुण्यांसमोर वाटतो! फझी कल्पनेत अनुकूल आणि प्रतिकूल अंश वेगवेगळे मोजणाऱ्या अतानासोव्ह यांच्या मांडणीत तज्ज्ञ एखाद्या पर्यायाला ०.६ अनुकूल आणि ०.३ प्रतिकूल असेल, तर उरलेला ०.१ कुठल्याच बाजूला पडलेला नसतो. 'अनिर्णित अंश' म्हणा. बोलताना मी 'कांकू' म्हणेन, पण पुस्तकात ते कोणी छापणार नाही.

संख्याशास्त्राचा शिक्षक : एक पुरवणी. दोन ठिकाणांहून आलेले पुरावे जोडणाऱ्या डेम्पस्टर यांच्या नियमाला 'एकत्रीकरण' म्हणताना खाली टीप द्या. फझी संचांची कल्पना मांडणारे लोत्फी झाडे यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: एक डॉक्टर म्हणतो, मेंदूच्या आवरणाचा दाह ०.९९, गाठ ०.०१. दुसरा म्हणतो, डोक्याला मार ०.९९, गाठ ०.०१. नियम लावला की उत्तर येतं, गाठच, पूर्ण खात्रीनं! कारण दोघांचं जिथं जुळत नाही तो भाग नियम टाकून देतो आणि उरलेला फुगवून १ करतो. जिच्यावर दोघांचाही जेमतेम विश्वास होता ती शक्यता जिंकते, कारण तेवढीच दोघांत समान होती. 'एकमत' हा शब्द वापरायचाच असेल, तर या एका नियमापाशी तो थोडाफार खपेल.