कॅननचा जुना ५डी मार्क ३ कॅमेरा घ्यावा का नवा कोरा आर५०? लग्नाचा सीझन तोंडावर आलाय

सेलूचा_फोटूवाला

राम राम मंडळी. मी सेलूचा, जि. परभणी. चार वर्षं झाले एका स्टुडिओत मालकाच्या हाताखाली लग्नं करायलो, आता तुळशीच्या लग्नानंतर स्वतःच्या नावानं ऑर्डरी घ्यायच्या ठरवल्यात. दोन तर फिक्स पण झाल्यात, एक पाथरीची हळद अन एक मानवतचं लग्न.

बजेट ७० हजार, त्यातले २० आईनं बचत गटातून उचललेत म्हणून हात जरा थरथरायला. मालक स्वतः मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलेत, त्यांचा कॅनन ५डी मार्क ३ (नुसती बॉडी, दोन बॅटऱ्या अन ग्रिप) ४२ ला देतो म्हणायलेत, वरून त्यांची २४-१०५ एफ ४ लेन्स १५ ला. माझ्याकडं ५० एमएम १.८ लेन्स आहे. दुसरीकडं मावसभाऊ पुण्याहून रोज फोन करून डोकं खायला की २०१२ साली आलेला कॅमेरा आता कामून घेतोस, आर५० घे, नवा आहे, वॉरंटी आहे, डोळ्यावर आपोआप फोकस होतो. तो बसतो बजेटमध्ये पण किट लेन्ससकट (सोबत येणाऱ्या लेन्ससकट) घेतला की फ्लॅशला काही उरत नाही.

अन खरं सांगू का, मला ५डीच हातात धरावा वाटतो. मित्राचा आर५० घेऊन एका साखरपुड्याला गेलतो तर नवरीचा मामा म्हणला, "एवढासाच कॅमेरा? मोठा घरी राहिला का?" हसण्यावारी नेलं पण डोक्यात बसलं ते. काय करावं सांगा.

जुना_रोलवाला

मामाचं सोडा हो, मामाला जेवणात शिरा कमी पडला तरी तो बोलणारच.

मी अंबाजोगाईचा, रोलच्या जमान्यापासून लग्नं करतोय. तुम्ही फ्लॅशला उरत नाही म्हणलात ना, खरा मुद्दा तिथंच आहे अन तो मावसभावाला माहीत नसणार. आर५०च्या डोक्यावरचा शू (फ्लॅश बसवायची खाच) नवीन पद्धतीचा आहे, आपल्या नेहमीच्या फ्लॅशला अन ट्रिगरला खाली ज्या पिना असतात त्यांच्यासाठीचे जुने कॉन्टॅक्ट त्यात ठेवलेलेच नाहीत. म्हणजे तुम्ही मालकाकडचा जुना फ्लॅश उसना आणून बसवला तर बसंल, पण पेटणार नाही. त्याला एडी-ई१ नावाचा ॲडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. आता रात्री नऊला हळदीत, घरासमोरच्या गल्लीत, एका हॅलोजनच्या उजेडात फ्लॅश पेटला नाही तर काय करणार? आयएसओ (उजेड पकडायची ताकद) वाढवत बसणार अन किट लेन्स ४५ एमएमला एफ ६.३ वर अडकलेली, म्हणजे आत उजेडच कमी.

दुसरं, आर५० ला कार्ड एकच. लग्न रिटेक होत नसतं. ५डी मार्क ३ ला कार्डाचे दोन स्लॉट, एक सीएफचा एक एसडीचा. फक्त त्याचा एसडीचा स्लॉट जुन्या स्पीडचा आहे, दोन्हीवर एकदम लिहायला लावलं की कॅमेरा एसडीच्या चालीनं चालतो. मी सीएफवर रॉ (पूर्ण कच्ची फाइल) अन एसडीवर छोटा जेपेग ठेवायचो, कार्ड गेलं तर निदान दाखवायला काहीतरी हातात राहतं.

माझं मत ५डी. जड आहे, बॅटरीसकट ९५० ग्रॅम, लेन्स-ग्रिप धरून संध्याकाळपर्यंत मनगट बोलतं. ते बोलू द्या.

लातूरचा_रीलवाला

रोलवाले काका, फ्लॅशचं एकदम बरोबर आहे, मान्य. पण फोकसची बाजू तुम्ही सांगितलीच नाही राव.

अंतरपाट खाली येतो तो क्षण घ्या. शेवटचं सावधान म्हणलं की दोन सेकंदात अंतरपाट गेला, वाजंत्री सुरू, अक्षदा उडायल्या, पाहुणे पुढं घुसायले, एखादं लेकरू बरोब्बर मधी येणार. ५डी मार्क ३ ला ६१ फोकस पॉइंट आहेत, त्यातले ४१ क्रॉस टाईप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे), चांगलेच आहेत, पण सगळे फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले. नवरी कडंला असली की एकतर मधी फोकस करून कॅमेरा हलवा नाहीतर जॉयस्टिकनं पॉइंट सरकवत बसा, तोवर तिनं हार घातलेला असतो. आर५० जवळपास पूर्ण फ्रेममधून डोळा पकडतो अन धरून ठेवतो. अक्षदा मधून गेल्या तरी बहुतेक वेळा सोडत नाही. मी दोन वर्षं डीएसएलआरवर (५डी सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यावर) काढलेत अन आता मिररलेसवर, हार घालतानाचे सॉफ्ट (फोकस हुकलेले) फोटो माझे अर्ध्याच्या खाली आलेत.

अजून एक. मे महिन्यात बारा पस्तीसचा मुहूर्त, वर पिवळं नाहीतर भगवं कापड, त्यातून ऊन गाळून येतं अन सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतात. डीएसएलआरच्या काचेतून तुम्हाला तुमच्या डोळ्यासारखंच दिसतं, डोळा ते पिवळेपण सावरून घेतो, घरी कॉम्प्युटरवर बसलं की कळतं काय झालं ते. मिररलेसच्या फाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, तिथल्या तिथं व्हाइट बॅलन्स सुधारता येतो.

अन रील! नवरदेवाच्या दोस्तांना वरात संपायच्या आत रील पाहिजे. ५डी मार्क ३ मध्ये वायफायच नाही अन व्हिडिओ फुल एचडीच्या वर जात नाही. आर५० फोर के करतो, फोनला लगेच जोडतो. आता छोट्या बॉडीत फोर के सलग चालवलं की उन्हात तापते, माझी एकदा (मॉडेल नाही सांगत, हे नव्हतं) सप्तपदीच्या पाचव्या पावलाला बंद पडलती, तेव्हापासून तुकड्या-तुकड्यात घेतो.

सेलूचा_फोटूवाला

दोघांचे आभार. आता जास्तच गोंधळ झाला 😅

आर५० घेतला अन मालकाची २४-१०५ ॲडॉप्टरनं लावली तर चालतंय का? चालत असंल तर लेन्स ती अन बॉडी ही.

जुना_रोलवाला

लागते. कॅननचा ईएफ ते आरएफ ॲडॉप्टर आहे, आत काच नसते, फोकस पण व्यवस्थित चालतो. पण गणित मांडा. ५डी फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आर५० चा सेन्सर लहान, लेन्सला १.६ नं गुणायचं. तुमची २४ एमएम झाली ३८ सारखी. आता स्टेजवर "चला मुलीकडचे सगळे या" म्हणलं की किती येतात? तीस-पस्तीस, शिवाय पायाशी लेकरं. २४ ला मागं सरकायला जेवढी जागा लागते त्याच्या दीडपटीहून जास्त लागंल, अन मागं खुर्च्या, त्यामागं जेवणाची पंगत. किट लेन्स १८ पासून आहे, म्हणजे २९ सारखी, ग्रुपला बरी, अंधारात काही खरं नाही. तुमची ५० मात्र ८० सारखी होईल, नवरीच्या एकटीच्या फोटोला झकास.

अल्बमचं टेन्शन घेऊ नका. ५डी मार्क ३ चा फोटो ५७६० पिक्सेल रुंद, आर५० चा ६०००. बारा बाय छत्तीस इंची करिझ्मा अल्बमच्या शीटवर पूर्ण पसरला तर इंचाला १६० अन १६६ पिक्सेल. भिंगानं बघितलं तरी फरक सापडायचा नाही. हां, ५डी वर फोटो अंडर (मुद्दाम अंधारा) काढून नंतर सावल्या उचलायची सवय असंल तर ती मोडा. काळ्या कोटात पट्टे उमटतात, त्या सेन्सरची ती जुनी खोड आहे. एक्स्पोजर जागेवरच नीट घ्या.

नाथसागर_पक्षीवाला

लग्नातलं मला कळत नाही, मी पैठणला जायकवाडीवर हिवाळ्यात फ्लेमिंगोसाठी पडीक असतो. बॅटरीबद्दल बोलतो. ५डी मार्क ३ चा कंपनीनं दिलेला आकडा साधारण ९५० फोटो, आर५० चा फाइंडर लावून २३० च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात पण अंतर तेवढंच राहतं. खेड्यात लाईट गेलेली असती तेव्हा चार्जर कुठं लावणार, म्हणून आर५० घेतला तर दोन बॅटऱ्या जास्तीच्या हिशोबात धराच.

अन आर५० च्या सायलेंट शटरवर एलईडी वॉलसमोर फोटो काढू नका, आडवे पट्टे येतात. इथं संक्रांतीला पतंगाच्या कार्यक्रमात स्टेजवर काढले होते, सगळे वाया.

औरंगपुऱ्यातला_सेकंडहँड

कोणता घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त जुना घेताना फसू नका म्हणून लिहितोय. मी एकदा एका दुकानातून जुनी बॉडी घेतली, वरून चकाचक, आठव्या दिवशी शटर गेलं. बिलावर "तपासून घेतले" असं लिहिलेलं, सही माझीच.

मालक ओळखीचे असले तरी तपासा, त्यात लाजायचं काही नाही. शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघा. या मॉडेलचा काउंट फोटोच्या माहितीत दिसत नाही, लॅपटॉपला केबल लावून सॉफ्टवेअरनं वाचावा लागतो. कंपनीनं शटर दीड लाख फोटोंचं सांगितलंय. मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसती. लेन्समध्ये मागून टॉर्च मारा, बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसती. आपल्याकडं कोरडी हवा म्हणून बुरशी कमी, धूळ बक्कळ.

सगळ्यात महत्त्वाचं, सीएफ कार्डाच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना बघा. कार्ड कुणी तिरकं घुसवलं की पिन वाकती.

सेलूचा_फोटूवाला

काल जाऊन आलो मालकाकडं. काउंट निघाला १ लाख १८ हजार. लेन्स स्वच्छ. भिंतीच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात चार ठिपके, ते साफ होतील.

पण टॉर्च मारला अन सीएफमध्ये एक पिन आडवी झोपलेली!! मालकाला दाखवली तर ते खुर्चीतून उठूनच बघायला लागले. म्हणले मी तर तीन वर्षं एसडीवरच चालवतो, सीएफ कार्ड हरवल्यापासून तिकडं बघितलंच नाही. म्हणजे रोलवाले काका, तुमचा दोन कार्डाचा मुद्दा आमच्या पीसपुरता तिथंच झोपला. मालक म्हणले रिपेअर करून ४२ च देतो, नाहीतर आहे तसा ३५ ला ने.

मी लगेच हो नाही म्हणलो. रविवारी पाथरीची हळद आहे, तिथं मालकाचा ५डी अन मित्राचा आर५० दोन्ही घेऊन जायलो, मित्र त्याचा ॲडॉप्टर पण देतोय म्हणून २४-१०५ दोन्हीला लावून बघता येईल. फ्लॅश फक्त ५डी वर, आर५० ला तो चालणार नाही हे आता कळलंच. रात्री घरी आलो की दोन्हीचे फोटो टाकतो.

जुना_रोलवाला

पिन रिपेअर करून घ्या, ३५ च्या नादी लागू नका. अन फोटो टाकताना खाली आयएसओ लिहा, नुसते फोटो टाकून पळू नका.