मित्रमैत्रिणी, मोजके पैसे आणि एक बेट : अनुभव धागा

कोरांटी

दिवाळीपूर्वीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पेटीत एक छोटी वही सापडली. तिच्या पहिल्याच पानावर, आमच्या गटातल्या सर्वांत शिस्तीच्या मैत्रिणीच्या अक्षरात, २०११ सालच्या डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारचा हिशेब आहे : 'माणसे सहा, प्रत्येकी १५००. रेल्वे, जाणे-येणे. मलपे धक्का, बोट. शहाळी ६. ओल्या कपड्यांसाठी पिशवी १.' पानाच्या कोपऱ्यात पाण्याचा गोल डाग पडला असून तेवढ्या भागातली शाई पसरली आहे. ते पाणी खारे होते, हे मला आजही ठाऊक आहे, कारण ती वही माझ्याच खांद्यावरच्या झोळीत होती.

आम्ही सहाही जण तेव्हा मुंबईत नव्याने नोकरीला लागलो होतो. अंदमान परवडणारे नव्हते आणि परदेशाचा विचारही मनात येत नव्हता. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून मत्स्यगंधा पकडली, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी डब्यात फिरवत रात्र काढली, आणि उजाडण्यापूर्वी कर्नाटकातल्या उडुपीला उतरलो. तिथल्या कृष्णमठाजवळच्या एका साध्या खोलीत आंघोळी उरकल्या, नऊ छिद्रांच्या चांदीच्या झरोक्यातून कृष्णाचे दर्शन घेतले आणि मलप्याच्या धक्क्यावर जाऊन सेंट मेरीजची बोट धरली.

हे बेट पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. किनाऱ्यापासून बोटीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर अंतरावर चार मुख्य बेटांचा हा समूह आहे. त्यांतल्या माडांच्या बेटावर पाय ठेवताच उभ्या, बहुकोनी दगडी खांबांच्या रांगा दिसतात. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर पायाखाली वाळूऐवजी शंखशिंपल्यांचा चुरा करकरतो. आमच्यातला एक जण अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी वाढलेला होता. तो खांबांवरून हात फिरवून म्हणाला, "हे तर आमच्या घरामागचे आहे." दिसायला सारखे असले तरी दोन्हींचा काळ वेगळा आहे. गिल्बर्ट हिलचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, आपल्या दख्खनच्या लाव्हाचा आहे, तर सेंट मेरीजचे खांब सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे मादागास्कर भारतापासून सुटा होत होता त्या काळातले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे.

त्या बेटावर मुक्काम करता येत नाही. परतीची शिट्टी वाजली तेव्हा गिल्बर्ट हिलवाल्या मित्राचा तळपाय शिंपल्याने बराच खोल कापला गेला होता. दोघांनी त्याला हातांच्या पाळण्यावर बसवून आणले आणि होडीवाल्या काकांनी आमच्यासाठी होडी थांबवून धरली, इतकेच नव्हे तर स्वतःच्या डोक्याचे धुतलेले मुंडासे फाडून त्याच्या पायाला बांधले. त्यांची कन्नड आम्हाला येत नव्हती आणि आमची हिंदी त्यांना फारशी समजत नव्हती. त्यांनी पैसे घेतले नाहीत. हिशेबाच्या वहीत 'पट्टी' या शब्दापुढची जागा म्हणूनच कोरी आहे.

आपण सर्वांनी असे अनुभव लिहावेत ही विनंती. बेट कोणतेही असो, पैसे थोडे होते आणि सोबत मित्र होते, एवढे पुरे. शक्य झाल्यास परतीची बोट कशी मिळाली आणि पिण्याचे पाणी कुठे मिळाले हेही लिहावे, कारण कमी पैशांच्या सहलीत सारे नियोजन याच दोन गोष्टींभोवती फिरते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दर्यावरचा वारा

कोरांटीताई, पाण्याचा उल्लेख केलात म्हणून लगेच लिहायला बसलो. आम्ही कोल्हापूरचे पाच मित्र लाल डब्याच्या एसटीने मालवणला गेलो होतो. एका घरगुती खानावळीच्या माडीवर चटईवर झोपण्याची सोय झाली आणि जेवणाचे तेवढे पैसे द्यावे लागले. सकाळी सिंधुदुर्गात गेलो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले, हे शाळेत पाठ केले होते. परंतु चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, याचा अर्थ त्या दिवशी घसा कोरडा पडल्यावरच समजला. आमच्याजवळची बाटली होडीतच राहिली होती. किल्ल्यात राहणाऱ्या एका मावशींनी पितळी तांब्यातून पाणी आणून दिले आणि ते विहिरीचेच असल्याचे सांगितले. मी ते पाणी ओंजळीने प्यायलो. त्यात खारटपणाचा लवलेशही नव्हता.

होडीवाले बहुधा तासाभराची मुदत देतात आणि ती फार अपुरी पडते. शिवराजेश्वराचे मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि तटावरची फेरी हे सारे शांतपणे पाहायचे असेल तर चढण्यापूर्वीच जास्त वेळ ठरवून घ्यावा, म्हणजे उतरताना वाद होत नाही.

पाणकोंबडी

त्या काकांच्या मुंडाशाचे वाचून डोळे भरून आले. तुमच्या मित्राचा पाय नंतर बरा झाला का?

कोरांटी

हो, पाणकोंबडी. मलप्याला उतरताच दवाखान्यात नेले, चार टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले. रविवारी दुपारच्या गाडीत त्याला खालचा बाक दिला आणि सोमवारी पहाटे मुंबईत उतरून आम्ही पाच जण थेट कामावर गेलो. अशा किनाऱ्यावर जाड तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, हे सर्वांना कळकळीने सांगते.

खाजणकाठ

मी बेळगावचा. समुद्रातले नव्हे, तर मांडवी नदीतले एक बेट माझ्या मनात घर करून आहे, ते म्हणजे गोव्यातले दिवाडी. आम्ही चौघे दोन दुचाक्यांवर भर पावसाळ्यात गेलो होतो. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट मिळते आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नसते. ज्या माणसाने खोली देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती, त्याने आम्ही पोहोचल्यावर खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगितले आणि पैसे परत करण्यास नकार दिला. त्याचा राग पुष्कळ दिवस राहिला. संध्याकाळ झाली होती, पाऊस कोसळत होता, आणि आम्ही एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आडोशाला उभे होतो. घरातल्या आजींनी दार उघडून आम्हाला पाहिले, काहीही न विचारता चार टॉवेल आणून दिले आणि मग पेज वाढली. पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा आणि मिठातले आंबे होते. रात्री त्याच बाल्कांवात झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने आम्हाला खाजण शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, दाखवली. बांधातल्या लाकडी दारांना तिथे मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते दार आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडते. त्या दाराची फळी भरतीच्या रेट्याने हळूहळू मिटताना आम्ही अर्धा तास पाहत उभे होतो. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही व्यवस्था मराठी वाचकांनी आवर्जून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यानंतर देवाची स्थापना नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे येथे झाली आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटावर कोटितीर्थाची तळी अजून आहे. आम्ही तळीपाशी थोडा वेळ बसलो आणि मग फेरीने पलीकडे जाऊन देवाचे दर्शन घेतले. आजींना पैसे देऊ केले तेव्हा त्या रागावल्या, म्हणून पुढच्या खेपेस बेळगावचा कुंदा घेऊन गेलो. आता त्या नाहीत.

सकाळची लोकल

खाजणकाठ, आपले लेखन वाचून गाडीत माझे स्थानक मागे पडता पडता राहिले. मानशीची माहिती मला पूर्णपणे नवी आहे. मुंबईकरांसाठी एक छोटी सूचना करतो : घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आम्ही आठ मित्र जोडून सुट्टी आली म्हणून सोमवारी गेलो आणि गेटवेवरूनच परतलो.

बारावा प्रवासी

सिंगापूरला नोकरीनिमित्त राहत असतानाचा हा अनुभव आहे. तिथे राहणे महाग असले तरी पुलाऊ उबिन या तिथल्या छोट्या बेटावर जाणे कोणत्याही खिशाला परवडते. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून छोट्या लाकडी बोटी सुटतात आणि त्यांचा नियम साधा आहे : बारा माणसे जमली की बोट निघते, घाई असल्यास रिकाम्या जागांचे पैसे तुम्ही भरायचे. आम्ही चार मराठी मित्र होतो आणि एकूण नऊ जण जमले होते. आम्ही बाकावर बसून थांबायचे ठरवले. पाऊण तासाने एक चिनी आजोबा दोन नातवंडांना घेऊन आले, तेव्हा सगळा धक्का आनंदाने ओरडला. त्या आजोबांचे बालपण उबिनवरच गेले होते. तिथल्या ग्रॅनाइटच्या खाणीत त्यांचे वडील दगड फोडत असत. दिवसभर ते आमच्याबरोबरच फिरले.

भाड्याच्या सायकलींवरून आम्ही चेक जावाला गेलो. ही पाणथळ जागा भराव टाकून बुजवली जाणार होती. नागरिकांनी आणि निसर्गप्रेमींनी तिचे महत्त्व दाखवून दिल्यावर २००१ च्या अखेरीस सरकारने तो निर्णय पुढे ढकलला. ओहोटीच्या वेळीच तिथले जीवन उघडे पडते, त्यामुळे भरतीचे वेळापत्रक पाहून निघावे. लाकडी मार्गावरून खाली पाहिले तेव्हा ओल्या चिखलात एक खेकडा आपला एकच मोठा नांगा वरखाली करत होता. आजोबांची धाकटी नात त्याला प्रत्येक वेळी हात हलवून उत्तर देत होती.

आलेपाक

मला बोट लागते, आणि त्या भीतीने मी मैत्रिणींच्या तीन सहली टाळल्या आहेत. कोणी काही उपाय सांगू शकेल का?

दर्यावरचा वारा

आलेपाकताई, रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, दोन्ही वेळी त्रास होतो, म्हणून हलके खाऊन बसावे. बोटीच्या मध्यभागी बसून नजर दूर क्षितिजावर ठेवावी, फोनकडे पाहू नये. आल्याची वडी तोंडात धरल्याने माझ्या पत्नीला बरे वाटते. डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी गोळी घेता येते. कृपया चौथी सहल टाळू नका.

नारळीपोफळी

कोरांटीताईंनी अंदमान परवडत नव्हते असे लिहिले आहे. विमानाचे तिकीट महाग पडते हे खरे आहे, परंतु तिथे पोहोचल्यावर खर्च आटोक्यात ठेवता येतो. आम्ही तिघी मैत्रिणी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, खासगी जलद बोटीऐवजी सरकारी जहाजाने गेलो आणि धक्क्यावरून राधानगर किनाऱ्याला साध्या बसने गेलो. एक चूक मात्र आमच्याकडून झाली. आपल्याकडच्या सवयीने सूर्यास्त सहाच्या पुढे धरला होता. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पोहोचलो तेव्हा क्षितिजावर फक्त तांबूस रेघ उरली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी तीनलाच जाऊन बसलो.

पाणकोंबडी

कोरांटीताई, आम्ही पाच जणी येत्या शुक्रवारी तुमच्याच मार्गाने निघत आहोत. तिकिटे निघाली आहेत. शनिवारी आधी मठात जावे की मलप्याला?

कोरांटी

आधी मलप्याला जा आणि सकाळची बोट धरा, कारण दुपारी बेटावर ऊन फार लागते आणि सावली थोडी आहे. दर्शन आणि मठातले प्रसादाचे जेवण रविवारी ठेवा. जमिनीवर पंगत बसते, सार पातळ असते, ते भाताला आळे करून घ्या. प्रत्येकीने दोन लिटर पाणी बरोबर ठेवावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. होडीवाले काका आता तिथे असतील की नाही, कोण जाणे. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीचे पेर तुटलेले होते. भेटलेच, तर पट्टी बांधलेला पाय पूर्ण बरा झाला, एवढे त्यांना सांगा.