आजोबांच्या जुन्या पंप बाराबोरबद्दल सल्ला हवा आहे

तेरणाकाठ:
नमस्कार. आमचे गाव औसा तालुक्यात आहे. आजोबांची पंपाची बाराबोर (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची छर्ऱ्यांची बंदूक) पुढे वडिलांच्या परवान्यावर होती. गेल्या वर्षी वडील वारल्यावर आम्ही ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि वारस म्हणून परवान्यासाठी मी अर्ज दिला आहे. बंदुकीवर विंचेस्टर, मॉडेल १८९७ असे कोरलेले असून घोडा बाहेरून दिसतो. परवाना हाती आला की ती पूर्ण खोलून साफ करावी, नळी दहा-बारा इंच कापून घ्यावी आणि दस्ताही आखूड करावा असा विचार आहे, कारण उसाच्या फडात एवढी लांब बंदूक फिरवता येत नाही आणि हरभरा घाट्यात आला की रानडुकरे एका रात्रीत पट्टेच्या पट्टे लोळवतात. शिकारीसाठी आणखी काय बदल करावेत? वडिलांनी एकदा ती खोलली तेव्हा खालच्या काडतुसांच्या नळीतून एक लाकडी दांडी निघाली होती, ती कशासाठी असते?

जुनी_नळी:
दादा, नळीला हात लावू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. शिवाय कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी किमान २० इंच लांबीचा उल्लेख आहे. तुमची नळी तीस इंची असली तरी दहा-बारा इंच कापल्यावर काय उरेल ते तुम्हीच मोजा. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, छर्रे एकत्र ठेवणारा चोक नळीच्या अगदी तोंडाशीच असतो. तेवढा भाग गेला की मारा पसरतो आणि ज्या कामासाठी कापली त्याच कामाला ती निकामी होते.

त्या दांडीचे कोडे सोपे आहे. अमेरिकेत १९३५ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे ठेवता येत नाहीत, म्हणून पाच काडतुसांच्या नळीत लाकूड घालून ती दोनांची करतात आणि तिसरे कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस उडते त्या जागेत, राहते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. या मॉडेलच्या सुरुवातीच्या बंदुकांची कोठी दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचांची, म्हणजे सुमारे ६७ मिमीची होती, तर आजची काडतुसे बहुधा ७० मिमीची असतात, आणि ही लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. असे काडतूस आत बसते, पण उडताना त्याचे दुमडलेले तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हा समज आपल्याकडे फार आहे, म्हणून परवानाधारक कारागिराकडून कोठी मोजून घेतल्याशिवाय एकही बार काढू नये. या बंदुकीची दुसरी खोड अशी की चाप दाबून धरून पंप पुढे ढकलला तर काडतूस बंद होताक्षणीच उडते. नंतरच्या पंप बंदुकांत यासाठी अटकाव असतो, हिच्यात नाही.

बालाघाट:
शिकारीबद्दल एवढेच सांगतो की पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत परवानगी देण्याचा अधिकार वन विभागाचा आहे, म्हणून अर्ज तिकडे करावा. नुकसान झाले की पंचनामा आणि भरपाईचा अर्जही लगेच द्यावा, कारण उशीर झाला की शेतात खुणा उरत नाहीत.

तेरणाकाठ:
नळीचा विषय मी सोडून दिला. मग दस्ता तरी आखूड करावा का, आणि साफसफाई घरी करता येईल का?

जुनी_नळी:
दस्ता लाकडाचा आहे, त्यामुळे तो कारागिराकडून थोडा कमी करून घेता येतो. कापलेला तुकडा मात्र जपून ठेवावा, कारण पुढे विकायची वेळ आली तर मूळ लाकडाला किंमत असते. पूर्ण खोलणे घरी करू नये, कारण आतली यंत्रणा गुंतागुंतीची आहे आणि नको त्या पेचकसाने जुन्या स्क्रूंच्या खाचा एकदा बिघडल्या की पुन्हा नीट होत नाहीत. घरी एवढेच करा: आधी कोठी आणि खालची नळी डोळ्यांनी आणि बोटानेही रिकामी असल्याची खात्री करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, मग सळईने नळीतून कोरडे आणि नंतर किंचित तेलाचे फडके फिरवा. लाकडाला जवसाचे तेल बोटाने अगदी पातळ चोळा. लातूरकरांना ते कोठून आणावे हे सांगायला नको. वडिलांच्या काळातली कागदी काडतुसे शिल्लक असतील तर ती वापरू नका, कारण ती ओल धरून फुगतात. बंदुकीसोबत तीही ठाण्यात जमा झाली आहेत ना, हे आधी पाहा, कारण परवाना मिळेपर्यंत ती घरात ठेवता येत नाहीत.