सोलापुरातलं जॉन्सन 25 : भाव किती सांगावा?

प्रेषक: बंडू, न्यू जर्सी

मंडळी, घाईत लिहितोय. गोडाऊनमधलं ते आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, शेवटी विकायला काढलंय. उजनी धरणाजवळच्या कंदर गावचं गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार आहे, आत्ताच 18 हजार म्हणतंय. झाकणावर जॉन्सन 25 लिहिलंय, ब्रॅकेटवरची मॉडेल नंबरची पट्टी गायब. इकडे ईबेवर असल्याच इंजिनाला 900 डॉलर लावलेत. म्हणजे गिऱ्हाईक लुटतंय ना? अप्पा, अक्कलकोट रोडच्या गोडाऊनला एक चक्कर माराल का? किल्ली वहिनींकडे आहे.

प्रेषक: माई, मिशिगन

बंडू, लावलेला भाव आणि आलेला भाव यात फरक असतो. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय आहे, तिथे बघ. जे. डी. पॉवरच्या (पूर्वीच्या नाडाच्या) यादीत मोटरींचे भाव मिळतात, पण त्यासाठी साल आणि मॉडेल लागतं आणि तुझी तर पट्टीच नाही.

झाकणावरच्या 25 वर जाऊ नकोस. ऐंशीच्या दशकात 20, 25 आणि 30 एचपी एकाच मापाच्या ब्लॉकवर निघायची, झाकणं सहज अदलाबदल होतात. इंजिनाच्या ब्लॉकवर रुपयाएवढी पत्र्याची गोल टोपी ठोकलेली असते, तिच्यावर नंबर असतो. ग्रीस पुसून वाच. 1980 पासून सालाची अक्षरं अशी: आय 1, एन 2, टी 3, आर 4, ओ 5, डी 6, यू 7, सी 8, ई 9, एस 0. मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षराआधीची दोन बघायची. सीओ असेल तर 85.

आणि हे सगळं कळलं तरी अमेरिकेतला भाव सोलापुरात लागू नाही. जॉन्सन-एव्हिनरूड बनवणारी ओएमसी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे हे ब्रँड ज्यांच्याकडे गेले त्या बीआरपीने 2020 मध्ये एव्हिनरूडही बंद केलं. इकडे सुटे भाग अजून मिळतात, म्हणून इंजिनाला किंमत आहे. तिकडे पॉवर पॅक (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला तर नवा कुठून आणणार? त्याच वयाच्या यामाहा एन्ड्युरोला जास्त मिळतील, कारण तिचे भाग कोकणात मिळतात.

प्रेषक: तात्या, दुबई

नंबर कसले बघताय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. प्लग काढा, भोकांत दोन-दोन चमचे टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल सोडा, गेज लावा, दोरी ओढा. 90 पीएसआयच्या वर आलं की इंजिन उत्तम. 40 हजारांच्या खाली बोलू नका.

प्रेषक: माई, मिशिगन

> दोन-दोन चमचे टूटी ऑइल सोडा, गेज लावा

तात्या, तेल सोडून लगेच गेज लावलं तर रीडिंग फुगून येतं. घासलेल्या रिंगांनासुद्धा तेलाची सील मिळते. पडून राहिलेल्या इंजिनात तेल जरूर सोडायचं, पण रात्रभर ठेवायचं, सकाळी फ्लायव्हील हाताने फिरवून जास्तीचं बाहेर काढायचं आणि मग मोजायचं. फ्लायव्हील वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची रबरी पाती उलटी दुमडतात.

अप्पा, क्रम असा ठेवा. गिअर न्यूट्रलला, नाहीतर दोरी अडकते. दोन्ही प्लग बाहेर. दोन्ही प्लगवायरी ब्लॉकला टेकवून ठेवा, मोकळ्या सोडल्या तर पॉवर पॅक जाऊ शकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा. चार-पाच जोरदार ओढी. प्लगचा आटा 14 मिमी, मोटरसायकलवाल्याचं गेज बसतं. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडर सारखे आहेत का ते बघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एक बाजू गेलेली आहे.

मग खालचा गिअर. तळाचा सपाट खाचेचा स्क्रू किंचित सैल करा. आत पाणी शिरलं असेल तर ते जड, आधी येतं. शेजारी फुलीचा स्क्रू दिसेल, त्याला हात लावू नका! ती गिअर शिफ्टची पिन आहे, काढली की आतली जोडणी पडते आणि अख्खं खालचं युनिट उघडावं लागतं. मिस्त्रीला बजावून सांगा.

प्रेषक: यादी व्यवस्थापन

कृपया लक्षात घ्यावे, ही मेलयादी खरेदी-विक्रीसाठी नाही. संक्रांतीच्या हॉलच्या डिपॉझिटबद्दल कालच्या मेलला एकाही सभासदाने उत्तर दिलेलं नाही.

प्रेषक: तात्या, दुबई

शेंगा चटणीची ऑर्डर चालते आणि मोटर चालत नाही? मागच्या वर्षी व्यवस्थापनाने स्वतःचा सोफा याच यादीवर विकला. असो. माई, रीडिंगपेक्षा चालू करून दाखवलेलं गिऱ्हाईकाला पटतं. सरळ दोरी ओढून दाखवा.

प्रेषक: अप्पा, सोलापूर

तात्या, कोरडं चालू करायचं नाही बघा. पाणी नसेल तर इंपेलर एका मिनिटाच्या आत जळतोय. 200 लिटरचा ड्रम लागतो, पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी) वर पाहिजे. इथं नळाला पाणी काही दिवसांनीच एकदा येतंय, त्यातलं ड्रमभर मोटरीला घातलं तर घरात मीच राहणार नाही. टँकरवाल्याला सांगितलंय.

पेट्रोलचं पण बोला. टाकीतलं जुनं फेकून द्यायचं, नवं 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली तेल. पण पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या नळ्या आणि इंजिनातल्या पेट्रोलपंपाचा पडदा त्यानं फुगतोय. चाचणी झाली की कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणार.

प्रेषक: नाना, लंडन

घाई कसली आहे तेच कळत नाही. उजनी मायनसमध्ये (मृतसाठ्याच्याही खाली) असताना मोटर विकायला काढली तर हाच भाव येणार. पाणी उतरलं की बाभळीची खोडं वर येतात, प्रोपेलर तुटण्याच्या भीतीने कुणी नवी खरेदी करत नाही. धरण भरल्यावर, पक्षी बघायला येणाऱ्यांच्या हंगामाआधी काढा.

शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यांत्रिक बोटीला नोंदणी लागते. उजनीत कुगाव-कळाशीची मे 2024 ची बोट उलटल्याची दुर्घटना झाली, तेव्हापासून समजूतदार गिऱ्हाईक कागद विचारतं. खरेदीची पावती शोधा, ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो काढा. बिनकागदी मोटरला भंगाराच्या आसपासचाच भाव येतो.

प्रेषक: बंडू, न्यू जर्सी

नाना, पावसाळ्यापर्यंत थांबता येत नाही, गोडाऊन रिकामं करून द्यायचंय. आणि पावती कुठून आणू आता?

प्रेषक: अप्पा, सोलापूर

जाऊन आलो. टोपीवर सीओ आहे, म्हणजे 85. मॉडेलमध्ये 25 च आहे, झाकण खरं बोलतंय. कॉम्प्रेशन वरच्याला 105, खालच्याला 100. ठिणगी अकरा मिमीच्या फटीतून उडतेय, निळी. ड्रममध्ये तिसऱ्या ओढीला चालू झालं, मागची पाण्याची धार चांगली. पण खालच्या गिअरातून आधी पाणी, मग लस्सीसारखं पांढरं तेल. प्रोपेलर काढला तर मागं शाफ्टला नायलॉन गुंडाळलेलं, जाळ्याचंच असणार.

प्रेषक: माई, मिशिगन

मग सगळं त्या नायलॉनवर आलं. दोरा सीलमध्ये शिरतो, सील कापतो, पाणी आत जातं. सील स्वस्त आहे. पण पाणी किती वर्षं आत होतं ते महत्त्वाचं. अप्पा, प्रोपेलर हाताने फिरवा: खरखर लागली तर बेअरिंग गंजलेत, तसं असेल तर 18 हजार वाईट नाहीत, पैसे घ्या. गुळगुळीत फिरत असेल तर पांढरं तेल गिऱ्हाईकाला आपणच दाखवा, सीलचा खर्च वजा करून 28 हजार सांगा, 25 हजारांना सोडा. लपवू नका, तो स्क्रू उघडणारच. नवं 90 नंबरचं गिअर तेल आत्ता भरून ठेवा. भरताना खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.

प्रेषक: अप्पा, सोलापूर

गुळगुळीत आहे. शाफ्ट लाँग आहे वाटतं, 22 इंच भरतोय.

प्रेषक: माई, मिशिगन

या मोटरीला 22 इंचाचा शाफ्ट नसतो. 15 किंवा 20. कुठून मोजलंत? क्लॅम्पच्या आतल्या माथ्यापासून, म्हणजे बोटीच्या फळीवर जिथे टेकतं तिथून, कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत. प्रोपेलरच्या मध्यापर्यंत नाही. 15 निघाला तर उजनीच्या उथळ पाण्याला तोच बरा आणि 25 हजारांच्या खाली येऊ नका. रविवारच्या आत परत मोजा.