रात्री पॅकेट लॉस (डेटाचे तुकडे वाटेत हरवणं), दिवसा सगळं आलबेल. मदत हवी आहे

मंडळी,

मुक्काम ऐरोली, चौथा मजला, फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन. गेले पंधरा दिवस संध्याकाळी सातच्या सुमारास नेट आजारी पडतं, ते थेट सकाळी बरं होतं. बायकोचे परदेशातल्या क्लायंटबरोबरचे कॉल रात्री साडेआठला असतात. निम्मी वाक्यं पोचतच नाहीत. स्पीड टेस्ट मारली तर तेव्हाही ३५-४० येतात, म्हणजे अगदीच मेलेलं नाही.

पहिला संशय वाय-फायवर. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची सतरा नावं दिसतात. १, ६, ११ तिन्ही चॅनल भरलेले. म्हणून ५ गिगाहर्ट्झवर आलो. फरक शून्य. मग वाय-फायचं झंझटच नको म्हणून लॅपटॉपला लॅनची वायर लावली आणि रात्री नऊला पिंग मारलं (छोटी पॅकेटं पाठवून किती परत येतात ते बघितलं):

१९२.१६८.१.१ (घरचा राउटर) – पाठवले १००, आले १००
८.८.८.८ (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) – पाठवले १००, आले ९६

म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ, गळती त्याच्या पुढे. इथपर्यंत मला कळतं.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी. वायरीतून येणारा प्रकाश मोजायचा मीटर लावला, उणे २२ डीबीएम आलं, "सर, पॉवर एकदम मस्त आहे." दुसऱ्या खेपेला राउटरच बदलून गेला. तरी तेच. फोन केला की बंद करून चालू करा म्हणतात. ते तर आता झोपेतही करतो.

रात्री सगळी बिल्डिंग नेटवर असते, त्या गर्दीमुळे होत असेल का? पण समोरच्या फ्लॅटमध्ये याच कंपनीचं कनेक्शन आहे, त्यांना काही त्रास नाही. तक्रारीत नेमकं काय लिहू म्हणजे ऐकतील?

– ऐरोलीकर

कळव्याचा वायरमन:
गर्दी असती तर रात्री दोन-तीनला नेट सुधारलं असतं. तुमचं सकाळपर्यंत तसंच राहतं, आणि समोरच्यांचं ठीक आहे. गर्दी सोडा.

रात्रीच्या दुखण्याला दुपारचं रीडिंग काय कामाचं? राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (आत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसते, ती रात्री नऊला बघा. उणे २७-२८ च्या आसपास गेली तर प्रकाशच कमी पोचतोय. आकडा ३ ने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवा. आणि सात वाजता घरात काय बदलतं तेही बघा.

स्पीड टेस्टवर जाऊ नका. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं, चाचणी जरा रेंगाळते इतकंच. कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळ नसतो. आवाजाचा तुकडा गेला तो गेला.

ऐरोलीकर:
सापडलं! रात्री नऊला उणे २७.९. मोबाइलवर ते पान उघडं ठेवून हॉलची स्लायडिंग खिडकी उघडली, उणे २२.४. लावली, पुन्हा २७.९. चार वेळा करून बघितलं.

गेल्या महिन्यात बिल्डिंगचं रंगकाम झालं. परांची बांधताना आमची वायर हलवली आणि नंतर खिडकीच्या ट्रॅकमधून आत घेतली. खाडीच्या डासांमुळे आम्ही सातच्या आत खिडक्या लावतो, की पल्ला वायरीला चिमटा काढतो. दिवसा खिडकी उघडी, म्हणून माणूस येईल तेव्हा सगळं ठीक!

वायर नुसती बाजूला घेतली तर चालेल?

कळव्याचा वायरमन:
नको. पंधरा दिवस चिमटलेल्या जागी वायरीच्या आतल्या काचेच्या तंतूला चीर गेलेली असू शकते. तेवढा तुकडा बदलून घ्या आणि एसीच्या पाइपच्या भोकातून आत घ्या. तक्रारीत दोन्ही रीडिंग वेळेसकट टाका, स्क्रीनशॉट जोडा. वळण ठेवताना घट्ट नको, वाटीएवढं तरी गोल असू द्या.

ऐरोलीकर:
उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. आत्ता खिडकी चार बोटं उघडी ठेवून फटीत टॉवेल कोंबलाय. १०० पैकी १०० येतायत. आत बायकोचा कॉल सुरळीत चालू आहे, बाहेर मी रॅकेट घेऊन डास मारतोय.